कॅसिओ एफ-९१डब्ल्यू : दीड हजारांच्या आतला भरवशाचा सेकंद

मनगटावर नेमका सेकंद हवा असेल आणि दीड हजार रुपयांच्या वर जायचं नसेल, तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या. हे घड्याळ १९८९ साली बाजारात आलं. रियुसुके मोरियाई यांनी कॅसिओसाठी केलेलं हे पहिलं डिझाइन, आणि ते आजही जवळजवळ तसंच विकलं जातं. वजन २१ ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, तीन बटणं. दाखवतं काय, तर तास, मिनिट, सेकंद, वार आणि तारीख. त्याशिवाय रोजचा एक गजर, दर तासाचा टीक आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचं स्टॉपवॉच. पावलं मोजत नाही, फोनशी बोलत नाही, चार्ज करावं लागत नाही.

विकत घेणारे बरेच जण मात्र ते दुकानदाराने लावून दिलेल्या वेळेवरच वर्षानुवर्षं चालवतात आणि मग "स्वस्तातलं आहे, पुढे-मागे होणारच" म्हणतात. घड्याळातली यंत्रणा त्याहून चांगली आहे. ते सेकंदाला लावायचं कसं आणि ते महिन्याला किती सरकतं, एवढं कळलं की त्याच्याकडून दुपटी-तिपटीच्या किमतीतल्या काट्याच्या घड्याळांपेक्षा जास्त काम घेता येतं.

आधी बटणांची ओळख. डावीकडे वरचं बटण दिव्याचं, डावीकडे खालचं मोडचं, उजवीकडचं एकमेव बटण बाकी सगळ्या कामांचं. मोडचं बटण एकेकदा दाबत गेलं की क्रम असा येतो : वेळ, गजर, स्टॉपवॉच, वेळ लावणं, आणि पुन्हा वेळ. वेळेच्या पडद्यावर उजवं बटण दाबलं की १२ तासांची पद्धत २४ तासांची होते. रेल्वेचं वेळापत्रक सतत पाहणाऱ्यांनी ती २४ वरच ठेवावी.

सेकंद लावायला मोडचं बटण तीन वेळा दाबा. सेकंदाचे आकडे लुकलुकू लागतात. आता उजवं बटण दाबलं की सेकंद शून्यावर येतात. इथे एक नियम लक्षात ठेवायचा. दाबताना पडद्यावर ०० ते २९ मधला आकडा असेल तर मिनिट आहे तेच राहतं. ३० ते ५९ मधला असेल तर मिनिट एकाने पुढे जातं. घड्याळ दोन सेकंद मागे असेल तर प्रमाणवेळेच्या शून्याला ते ५८ दाखवत असतं; बटण दाबलं की ०० होतं आणि मिनिट आपोआप पुढच्यावर येतं, म्हणजे सगळं बरोबर. घोटाळा होतो तो घड्याळ ३५-४० सेकंद पुढे असताना. तेव्हाही मिनिट वाढतं आणि घड्याळ अख्ख्या मिनिटाने पुढे जाऊन बसतं. वर्षभर हात न लावलेल्या घड्याळात हे होऊ शकतं. म्हणून सेकंद लावल्यावर मिनिटाकडे एकदा बघायचंच.

पुढचा क्रम दिव्याच्या बटणाने चालतो : सेकंद, तास, मिनिट, महिना, तारीख, वार. प्रत्येक आकडा उजव्या बटणाने वाढतो, मागे येत नाही. बटण दाबून धरलं की आकडे भराभर पळतात. सगळं झालं की मोडचं बटण दाबून बाहेर या. आधी तास, मिनिट, तारीख लावून घ्या आणि सेकंद सगळ्यात शेवटी लावा. आकडे वाढवण्याच्या नादात सेकंदावर चुकून बोट पडलं की केलेली मेहनत वाया जाते.

सेकंद कशावरून लावायचा, हा प्रश्न घड्याळाइतकाच महत्त्वाचा. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि तिच्या संकेतस्थळावर ती सेकंदासकट दिसते. इंटरनेट बरं चालत असेल तर आपल्या कामाला तेवढी अचूकता भरपूर आहे. टीव्हीवरच्या वृत्तवाहिन्यांच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र वापरू नका. उपग्रहामार्गे किंवा इंटरनेटवरून येणारं चित्र काही सेकंद उशिरा पोचतं. ॲपवरून ऐकलेल्या रेडिओचंही तेच. फोनची वेळ आपोआप लागत असेल तर ती साधारण बरोबर असते, पण काही नेटवर्कवर एक-दोन सेकंदांचा फरक सापडतो. म्हणून फोनही एकदा प्रयोगशाळेच्या वेळेशी ताडून घ्या. लावताना मिनिट भरायच्या दहा सेकंद आधीच घड्याळ सेकंद लुकलुकण्याच्या स्थितीत आणून ठेवा, बोट बटणावर टेकवा आणि ५७, ५८, ५९ असं मनात मोजत शून्याला दाबा. आकडा दिसल्यावर दाबायला गेलात तर डोळ्यापासून बोटापर्यंत सेकंदाचा पंचमांश तरी जातोच.

आता अचूकतेबद्दल. कंपनीचा दावा महिन्याला अधिक-उणे ३० सेकंदांचा आहे, म्हणजे दिवसाला फार तर एक सेकंद. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यात एकाची चूक. जुन्या पंचांगातलं पळ २४ सेकंदांचं. त्या हिशेबाने महिन्याची चूक जास्तीत जास्त सव्वा पळाची. प्रत्यक्षात बहुतेक नग दाव्यापेक्षा चांगले चालतात, पण प्रत्येकाची चाल वेगळी असते. आपल्या नगाची चाल काढणं सोपं आहे. रविवारी सेकंद लावा, पुढच्या रविवारी ताडून बघा. सात दिवसांत तीन सेकंद पुढे गेलं असेल तर महिन्याला साधारण तेरा सेकंद. ही चाल महिनोन्महिने तशीच राहते, आणि तेच या घड्याळाचं खरं बळ. दर महिन्याच्या एक तारखेला सेकंद शून्यावर आणण्याची सवय ठेवली की घड्याळ सहसा तीसेक सेकंदांपलीकडे जात नाही.

ही चाल ठरते आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावरून. ट्युनिंग फोर्कच्या आकाराचा हा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा १५वा घात आहे. तो पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. स्फटिकाचा शत्रू म्हणजे तापमान. अशा स्फटिकाची कंपनं २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जलद असतात. तिथून तापमान वर गेलं काय किंवा खाली आलं काय, घड्याळ मागेच पडतं, आणि फरक दुप्पट झाला की मागे पडणं चौपट होतं. दहा अंशांच्या फरकाला दिवसाला सेकंदाचा तीन दशांश भाग, वीस अंशांच्या फरकाला सव्वा सेकंदाच्या जरा आत. म्हणजे मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला ४५ अंशांत खिडकीशी पडून राहिलेलं घड्याळ रोज सेकंदाहून जास्त मागे पडू शकतं, आणि तेच घड्याळ मनगटावर असेल तर अंगाच्या उबेमुळे तिशीच्या आसपास राहून जवळजवळ स्थिर चालतं. घड्याळ बिघडलं असं समजून परत द्यायला निघण्याआधी ते ठेवलं कुठे होतं ते आठवा. चाल मोजण्याच्या आठवड्यात ते रोज हातात घाला, नाहीतर आलेला आकडा तुमच्या वापराचा नसेल.

अधूनमधून जगाच्या वेळेतच एक जादा सेकंद घातला जातो. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा २०१६ च्या अखेरीस आला, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर. हे घड्याळ ६०वा सेकंद दाखवत नाही, त्यामुळे असा सेकंद पुन्हा आला तर दुसऱ्या दिवशी शून्यावर लावून घेणं एवढंच करायचं. ही पद्धत २०३५ पर्यंत थांबवायचं २०२२ मध्ये ठरलं आहे.

एवढी अचूकता लागते कुठे? गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना विचारा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, तत्काळचं एसीसाठी १० ला आणि बिगर-एसीसाठी ११ ला. कोकणच्या गाड्यांची प्रतीक्षायादी बघता बघता वाढते. घड्याळ सेकंदाला लावलेलं असेल आणि तासाचा टीक चालू असेल, तर नजर फोनच्या पडद्यावरून न हलवता ८ वाजल्याचं कानाला कळतं. अर्थात शेवटचा शब्द रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळाचा, पण तुमचं घड्याळ प्रमाणवेळेवर असलं म्हणजे घाईने आधीच बटण दाबणं टळतं.

स्टॉपवॉच हा या घड्याळाचा सर्वांत उपयोगी भाग. उजवं बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असताना दिव्याचं बटण दाबलं की पडद्यावरचा आकडा गोठतो, आत मोजणी सुरूच राहते. पुन्हा दाबलं की पळता आकडा परत येतो. बंद केल्यावर दिव्याचं बटण सगळं पुसून शून्यावर आणतं. इथेच एक सापळा आहे : अंधारात वेळ वाचायला सवयीने दिव्याचं बटण दाबलं की नोंद पुसली जाते. आधी उजेडात जाऊन आकडा लिहून घ्या.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्यांना गोठवण्याची ही सोय फार कामाची. ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या, आणि ५ मिनिटं २० सेकंदांचं लक्ष्य असेल तर दर फेरीला ८० सेकंद. काठावर उभ्या असलेल्या साथीदाराने प्रत्येक फेरीला आकडा गोठवून १:२०, २:४०, ४:०० या खुणांशी ताडायचा. पहिली फेरी ७२ सेकंदांत आली तर ओरडून वेग कमी करायला सांगायचं, कारण तिसऱ्या फेरीत त्याची किंमत मोजावी लागते. गोठवलेला आकडा सुरुवातीपासूनचा एकूण वेळ असतो, त्या फेरीचा नव्हे. वजाबाकी आपली आपण.

खो-खोतही हाच उपयोग. संरक्षकाची वेळ मिनिटं आणि सेकंदांत नोंदवतात, आणि पहिल्या तुकडीच्या तिघांची घड्याळं एकाच क्षणी सुरू होतात. त्यामुळे प्रत्येक जण बाद होताना गोठवलेला आकडा हीच त्याची वेळ. दुसऱ्या तुकडीपासून मात्र ती तुकडी आत आल्याचा आकडा वजा करावा लागतो, म्हणून तो क्षणही गोठवून लिहायला विसरू नका. वर्तमानपत्रात १.४० मि. असं छापतात ते १ मिनिट ४० सेकंद. स्टॉपवॉचचा आकडा थेट तसाच उतरतो.

कबड्डीत गैरसोय होते. चढाई ३० सेकंदांची, पण घड्याळात उलटं मोजणारा टायमर नाही. ३० झाले तरी ते वाजत नाही, नजर पडद्यावरच ठेवावी लागते. शिवाय प्रत्येक चढाईनंतर उजव्या बटणाने थांबवा, डाव्याने पुसा, पुन्हा उजव्याने सुरू करा, अशा तीन हालचाली. सरावाच्या सामन्याला चालतं, स्पर्धेला वेगळं उपकरण हवं.

स्टॉपवॉच ५९ मिनिटं ५९.९९ सेकंदांपर्यंतच जातं. तासाचा आकडाच नाही, त्यामुळे अर्धमॅरेथॉनला किती तास झाले ते लक्षात ठेवणं आलं. आणि शंभराव्या भागांवर फार विश्वास टाकू नका. घड्याळ ते मोजतं, आपलं बोट नाही. हाताने घेतलेली धावण्याची वेळ ॲथलेटिक्समध्ये पुढच्या दशांशावर नेऊन लिहितात : १२.३१ आलं तर १२.४. शर्यत १०० मीटरची असेल आणि तुम्ही शेवटच्या रेषेवर उभे असाल तर पिस्तुलाचा आवाज ऐकून सुरू करू नका, धूर पाहून करा. आवाजाला तिथवर यायला सेकंदाचा तीन दशांश भाग लागतो.

नाडी मोजायला स्टॉपवॉचचीही गरज नाही. चालते सेकंद पाहत १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चौपट करा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजा. गाणं शिकणाऱ्यांसाठीही एक वापर : त्रितालाचं १६ मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांत पुरं झालं तर लय मिनिटाला १२० मात्रांची. चार आवर्तनांचा एकूण वेळ घेऊन भागलं की लय चढते आहे का, हे ताबडतोब कळतं.

गजर एकच, रोजचा, २० सेकंद वाजणारा आणि बारीक आवाजाचा. गाढ झोपणाऱ्याने त्याच्यावर विसंबू नये.

सर्वांत मोठी उणीव दिव्याची. एकच हिरवा एलईडी, तोही डाव्या बाजूला. तासाचे आकडे उजळतात आणि उजवीकडचे सेकंदाचे लहान आकडे अंधारातच राहतात. जे पाहण्यासाठी हे घड्याळ घ्यायचं तेच रात्री नीट दिसत नाही, याला चांगलं म्हणता येणार नाही. रात्रपाळीच्या परिचारिका, सुरक्षारक्षक, रेल्वे कर्मचारी यांनी याच घराण्यातलं एफ-१०५डब्ल्यू बघावं; कामं जवळजवळ तीच, पण पूर्ण पडदा एकसारखा उजळतो.

घड्याळाला वर्ष माहीत नसतं, त्यामुळे फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा. लीप वर्षात तारीख हाताने दुरुस्त करा. पुढची वेळ २०२८ ची. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना मार्चमध्ये आणि शरद ऋतूत तास बदलावा लागतो. तेव्हा वेळ लावण्याच्या पडद्यावर उजव्या बटणाला हात न लावता दिव्याच्या बटणाने थेट तासावर जा, म्हणजे जमवलेला सेकंद हलत नाही.

काचेखाली वॉटर रेझिस्ट लिहिलेलं आहे, पण किती दाबापर्यंत (बार) किंवा किती खोलीपर्यंत (मीटर) ते दिलेलं नाही. त्याचा अर्थ हात धुणं, घाम, पावसाचे शिंतोडे. पोहायला नको, आणि ओल्या हाताने बटणं दाबणं टाळा. पुढची काच रेझिनची, चरे लवकर पडतात.

सेल सीआर २०१६, ३ व्होल्टचा, साधारण सात वर्षं चालणारा. दुकानात पडून असलेल्या घड्याळातला कारखान्यातूनच बसवलेला सेल त्याआधी संपू शकतो, ते धरून चाला. दिवा लावताच आकडे फिके पडू लागले की बदलायची वेळ झाली. मागचे चार बारीक स्क्रू काढा, झाकण सरळ वर उचला. आत एक केसाएवढी स्प्रिंग असते, तीच झाकणाला टेकून आवाज देते; ती उडाली की घड्याळ चालतं, पण गजर आणि टीक मुके होतात. म्हणून पांढऱ्या कपड्यावर किंवा ताटात काम करा. सेलवरची धातूची पकड अलगद सोडवा, नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवा. सीआर २०३२ व्यासाने तेवढाच असला तरी दुप्पट जाड असतो, बसत नाही. रबरी कडं खाचेत नीट बसलंय हे पाहूनच झाकण लावा आणि स्क्रू आवळताना जोर करू नका, रेझिनमधली आटी घसरते. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे काम देणार असाल तर परत घेताना त्याच्यासमोरच गजर वाजवून बघा. सेल बदलल्यावर वेळ पुसली जाते, तेव्हा सेकंद पुन्हा लावा.

नकली माल भरपूर आहे. वेळेच्या पडद्यावर उजवं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की अस्सल घड्याळात कंपनीचं नाव रोमन अक्षरांत उमटतं. दाबताना १२-२४ तासांची पद्धत बदलते, ती पुन्हा दाबून परत आणा. आता काही नकला हेही करतात, म्हणून पाठीवर छोट्या चौकटीत कोरलेला मॉड्यूलचा, म्हणजे आतल्या यंत्राचा, क्रमांक ५९३ बघा, अक्षरांची कोरणी स्वच्छ आहे का ते बघा आणि पक्कं बिल घ्या. रस्त्याकडेला दोन-तीनशे रुपयांत मिळतं ते हे घड्याळ नव्हे.

परीक्षेसाठी घेत असाल तर प्रवेशपत्रावरच्या सूचना आधी वाचा. नीटच्या केंद्रात कोणतंच घड्याळ आत नेता येत नाही.

थोडे जास्त पैसे असतील तर कॅसिओचंच एई-१२००डब्ल्यूएच घ्यावं : उलटा टायमर, पाच गजर, जगातल्या शहरांच्या वेळा, १०० मीटरपर्यंतचं पाणी आणि दहा वर्षांचा सेल. अचूकतेचा दावा मात्र तोच, महिन्याला ३० सेकंदांचा. ए१५८डब्ल्यूमध्ये एफ-९१डब्ल्यूचंच यंत्र स्टीलच्या पट्ट्यासह मिळतं. रेडिओ लहरींवरून आपोआप वेळ जुळवणाऱ्या महागड्या मॉडेलवर केवळ त्या सोयीसाठी पैसे घालू नका. त्यांना वेळ देणारी केंद्रं जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत आहेत, महाराष्ट्र त्यांच्या टप्प्यात येत नाही. आपोआप जुळणारा सेकंद हवाच असेल तर ब्लूटूथने फोनकडून वेळ घेणारं मॉडेल बघा.